काळ्याची शिंक

मी सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाय. पाचोडच्या बाजारात चहा पिता पिता मी असंच म्हणालो, तर हॉटेलवाला हनुमान कपबशा विसळत म्हणाला, "मुंजाबामामा, आजवर कुठल्या गोष्टीवर बसला?"

शेजारच्या बाकड्यावर माझी थोरली भावजय बानाबाई मोसंबीची पाटी घेऊन टेकली होती. झाडांचा पहिलाच बहार. पाटीकडं बोट करून मी म्हणालो, "ही फळं दिसतात ती माझ्या बोकडाची मेहेरबानी."

गोष्ट चार-पाच वर्षांमागची. वहिनीनं माळावर मोसंबीची रोपं लावली होती. रान निव्वळ मुरमाड. घागर ओतली की पाणी खाली पसार, रोपाच्या ओठाला लागायचं नाय. उन्हाळा तोंडावर आलेला. रोपं गेली असती तर वहिनीला या वयात पुन्हा ऊसतोडीला जावं लागलं असतं. अन् माझी बायको गेल्यापासून मला ऊन ऊन भाकर तिच्याच चुलीवरची. तिनं एकदाही 'आज काय काम केलं' असं विचारलं नाय. म्हणजे घोर दोघांनाही.

कापसाच्या पऱ्हाट्यांचा कोळसा करून मातीत घातला की ओल धरतो, असं शेतीशाळेत सांगितलं होतं. मी शहागंजातल्या भंगारवाल्याकडनं जुना ड्रम आणला, बुडाला भोकं पाडली, पऱ्हाट्या भरून वरून पेटवल्या.

पऱ्हाट्या अवकाळीनं भिजलेल्या. आग धगलीच नाय, नुसती कुढत बसली. कोळसा निघाला तपकिरी अन् चिकट. पाणी टाकलं तर अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळलं.

"ह्याला पाण्याचं वावडं हाय," वहिनी म्हणाली.

पुढच्या खेपेला वाळक्या पऱ्हाट्या घेतल्या. आग झकास. पण मी निखाऱ्यावर वांगी घातली, झाकण लावलंच नाय, वारा खेळत राहिला अन् सगळ्याची राख.

"भरीत चांगलं झालं होतं," वहिनी मधेच म्हणाली.

मग मी ड्रमापुढं काळ्याला बसवला. काळ्या म्हणजे माझा बोकड. धूर पांढरा असला की तो एकदाच शिंकायचा, म्हणजे नुसतं पाणी उडतंय. पिवळा झाला की शिंकांवर शिंका, म्हणजे आतलं तेल जळतंय, अजून थांबा. दिवसभर जागचा हलला नाय. ऊन कललं, धूर पातळ निळा झाला, काळ्या गप्प झाला. उठला, शिंगानं झाकण ड्रमावर लोटलं अन् खुरानं फटींना, भोकांना चिखल लिंपला.

"खुरानं?" हनुमान म्हणाला.

"खुरानं. तू चहा ढवळ."

गार झाल्यावर उघडलं तर कोळसा काचेच्या बांगड्यांसारखा वाजला. हलका इतका की पाटी धरून ठेवावी लागली, नायतर पैठणला उडून गेली असती. अन् तहान अशी की ओंजळभर कोळसा हौदात टाकला तर हौद रिता, आतला बेडूक कोरडा ठणठणीत. मग कोळसा शेणकाल्यात मुरवून रोपांच्या आळ्यात कालवला. घागर ओतली की तो पिऊन घ्यायचा अन् रोपाला घोट घोट पाजायचा. एखाद-दुसरं रोप गेलं, बाकी तरली. वहिनीनं पुन्हा कोयता धरला नाय.

"म्हणून बाजाराच्या दिवशी मी आधी काळ्याचं नाव घेतो, मग चहा," मी म्हणालो.

वहिनी पाटीतली फळं उलटीपालटी करत होती. मान वर न करता म्हणाली, "भावजी, काळ्याला तर कोळशाच्या आधीच्या जत्रंत कापला. नळीसाठी तुम्ही माझ्याशी भांडला होता."

हनुमानाचा हात थांबला. "मग शिंकत कोण होतं?"

"हेच की. भाकरीला हाक मारली तरी ड्रमापुढनं उठले नाहीत. धुरानं डोळे सुजून रताळी झाली, हाताला धरून घरी आणलं. मी उपकाराचं काही बोलीन म्हणून तवापासून बोकडाला पुढं करतात."

तिनं दोन मोसंब्या पदराला पुसून माझ्या हातात दिल्या. "ही तुमची. ही बोकडाच्या वाटणीची. खावा आता गप."