चौकातल्या जवानाचा उजवा हात

बोलतोय तो मीच, चौकातला जवान. दचकू नका. एरवी मी आपला गप्प उभा असतो. पण माझा उजवा हात खांद्यातून सुटत चाललाय आणि खाली माणसं आहेत, म्हणून बोलावं लागतंय.

माझा जन्म सांगलीचा. मयूरी तिथे कला महाविद्यालयात शिल्पकला शिकत होती. चौकात, बागेत, चारचौघांत उभं राहणारं शिल्प कसं करायचं, हेच ती शिकत होती. मी तिचं पहिलं मोठं काम. खंडाळा तालुक्यातल्या या गावचा शंभूराज सीमेवर बर्फात गेला, त्याचा पुतळा गावाला हवा होता. मयूरीने आधी मातीचा छोटा नमुना केला. कट्ट्यावर बसून बुटाची नाडी सोडणारा जवान. कुणीही येऊन शेजारी टेकावं, असा. मला तर तोच आवडला होता.

सरपंच नाथाजीरावांनी तो बघून कपाळाला हात लावला. "आवं ताई, बसलेला जवान? लोक म्हणतील, दमला काय गडी! शेजारच्या गावचा बघा, हात कसा वर हाय!"

तिचे नारायण सर म्हणाले, "मयूरी, आधी चार दिवस त्या गावात राहा. लोक पुतळ्याला काय काय करतात ते बघ." पण पोरगी घाईत होती. तिने पावसाचा विचार केला, वाऱ्याचा केला आणि माझा हात वर केला. आत सळया, त्यावर जाळी, वर सिमेंट. झक्कास दिसत होतो, खोटं कशाला बोलू!

गावात आलो आणि माझा देवच झाला. शंभूराजची आई, राहीबाई, रोज सकाळी घागर घेऊन यायची. पायऱ्या चढून माझ्या खांद्यावर पाणी ओतायची, पदराने तोंड पुसायची. "आंघोळ कर रं बाबा," म्हणायची. सणावाराला गाव दूध-दही ओतायचं. गळ्यात मावेनात ते हार वरच्या हातात अडकवायचे आणि ते ओलेच तिथे कुजायचे. एका पंधरा ऑगस्टला तर कर्णा टांगला. खुंटी समजले की काय मला!

खांद्याला बारीक भेग गेली. पाणी आत मुरलं, सळया गंजून फुगल्या. आतून सगळं सुटत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. लय भीती वाटायची.

आज सकाळी, इतक्या वर्षांनी, मयूरी मला बघायला आली. तिने खांद्यावर बोटाने ठोकलं, तर आवाज पोकळ. काखेतून तांबडं पाणी झिरपताना दिसलं आणि तिचा चेहरा पडला. "काका, हात आजच उतरवा. उद्या सव्वीस जानेवारी, शाळेची मुलं याच्याखाली बसणार!"

"शहिदाचा हात तोडायचा?" नाथाजीराव भडकले. "साहेब येणार हायत. झेंडा होऊ द्या, मग बघू."

राहीबाई घागर घेऊन तिथेच उभी होती. "पाण्यानं झालं व्हय गं? माझ्याच पाण्यानं?"

मयूरीला रडू फुटलं. "तुमचं नाही चुकलं, मावशी. मीच तुम्हाला विचारायला आले नाही."

राहीबाईने घागर खाली ठेवली. पोरांना बसायला माझ्या हाताखाली फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. ती सरळ जाऊन त्या रेघांच्या मधोमध बसली.

"नाथाजी, माझं पोर दुसऱ्याच्या लेकरावर न्हाई पडायचं. हात उतरवा, मगच उठते मी."

मग सरपंचांची धावपळ सुरू झाली. शिरवळहून क्रेन निघाली आहे म्हणतात. मयूरी म्हातारीला हाताला धरून ओढतेय, विनवतेय. म्हातारी हलत नाही. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला की मी पायापासून थरथरतो.

मी शंभूराज नाही, मला ठाऊक आहे. पण इतकी वर्षं जिने न्हाऊ घातलं, तिला दुसरं काय म्हणू?

आत्ताच खांद्यात काहीतरी कट्‌कन तुटलं. सिमेंटची भुकटी तिच्या पांढऱ्या केसांवर पडली. तिने ती झटकलीसुद्धा नाही, नुसतं वर बघितलं.

आई, क्रेन येईल तेव्हा येईल. तू ऊठ. ऊठ गं, सरक तिथून!