खिडकीमंत्री

“खिडकी उघडू? मग समई विझेल की रे, गुंडो!” भीमाचार्य डाफरले.

१९६३ सालची आयुधपूजा होती. बंगळूरच्या त्या प्रयोगशाळेत पेचकसापासून दुर्बिणीपर्यंत सगळ्यांना कुंकू लागलं होतं. राहिली होती फक्त द्रवरूप नायट्रोजनची टाकी. स्टोअर सांभाळणारे भीमाचार्य आजच्यापुरते पुरोहित होते.

गुंडो शिपाई. टाकी आली तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख त्रिविक्रमसाहेब यांनी त्याला बजावलं होतं, “ह्या वायूला वास नाही. खोलीतली चांगली हवा हाकलतो आणि माणूस तक्रार न करता आडवा होतो.” तेव्हापासून गुंडो दिसेल ती खिडकी उघडत असे. थंडीत घरच्यासुद्धा. बायको सत्यवती गोधडीतून त्याचा उद्धार करी. प्रयोगशाळेत त्याचं नाव पडलं होतं खिडकीमंत्री.

“आचार्य, स्वल्प फट तरी...”

“बेडा! नको म्हणजे नको! मंत्रीमहाशय, जा, मुहूर्ताला फोडायचा कोहळा आणा.”

गुंडो कोहळा घेऊन आला तर दाराला आतून कडी. दाराशेजारच्या खिडकीला नाक लावून दहाबारा जण उभे. आचार्यांनी टाकीची तोटी सोडली होती. जमिनीवर पांढरंशुभ्र धुकं पसरलं होतं. त्यांना त्यात क्षीरसागर दिसला असावा, कारण ते टाकीपुढे साष्टांग पडले होते.

“काय भक्ती!” कुणीतरी हात जोडले. “पाच मिनिटं झाली, हलले नाहीत.”

गुंडोनं समईकडे पाहिलं. झुळूकसुद्धा नव्हती आणि समई विझलेली.

“सरका!” त्यानं कोहळा डोक्यावर उचलला आणि काचेतून आत हाणला. खळ्ळ! कोहळा टाकीवर फुटला. मुहूर्त दहा मिनिटांवर होता.

हात घालून त्यानं कडी काढली. स्टोअरमधला आचार्यांचा मदतनीस भीमसेन आत धावणार, तोच गुंडोनं त्याची कॉलर धरली. “आत नको रे! तू पण पडशील!”

नशीब, आचार्यांचे पाय उंबऱ्याशी होते. गुंडोनं श्वास कोंडला, बाहेरूनच घोटे धरले आणि त्यांना व्हरांड्यात खेचलं.

बऱ्याच वेळानं आचार्यांनी डोळे उघडले. “कोहळा... मुहूर्ताआधी फोडलास?”

“हो अण्णा.”

“सरी, बरं केलंस,” आचार्य म्हणाले आणि रडायला लागले.

ती काच त्रिविक्रमसाहेबांनी पुन्हा बसवू दिली नाही. पुढच्या वर्षी आचार्यांनी टाकीच्या आधी त्या रिकाम्या चौकटीला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. समई व्हरांड्यात ठेवली. वाऱ्यानं ती तीनदा विझली. तिन्ही वेळा गुंडोनं काडेपेटी पुढे केली आणि आचार्यांनी न डाफरता समई पुन्हा लावली.