अंबूबाईंचा कौल

आता अंबूबाईंचा देवावर विश्वास नव्हता असं नव्हे हो! पण एकुलत्या एका पोराच्या बाबतीत त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता, त्याला देव तरी काय करणार?

पोरगा बसवंत. बापामागं आईनंच वाढवलेला, नुकताच इंजिनिअर झालेला. चीनच्या लढाईला अजून वर्षही झालं नव्हतं. टाटा इन्स्टिट्यूटमध्ये एम.ई.ला जागा मिळाली होती. बंगळूरला बसवनगुडीतल्या घरातून जाऊन-येऊन शिकता आलं असतं. आणि नेमकं तेव्हाच फौजेचंही बोलावणं आलं, रणगाडे नि गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात अधिकारी म्हणून.

"दुरुस्ती करणाऱ्याला गोळी लागत नाही का रे?" अंबूबाईंनी विचारलं.

शेवटी निपाणीकडची घरची रीत निघाली, कौल लावायची. देव्हाऱ्यातल्या काळ्या दगडाच्या जोतिबाच्या दोन्ही खांद्यांवर शेवंतीच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "कौल मिळेल तसं करीन," बसवंत म्हणाला.

अंबूबाईंनी गाऱ्हाणं घातलं, "देवा, पोरानं इथंच राहून शिकावं ना?" आणि पाकळ्या लावल्या. उजवी नुसत्या पाण्यानं. डावीखाली मात्र हळूच लोण्याचं बोट, ती चिकटून राहावी म्हणून. देवाला तेवढाच हातभार!

मायलेक समोर बसले. पाकळी काही पडेना. नीट दिसावं म्हणून अंबूबाईंनीच समई पुढं ओढली, अन् तीही नेमकी डाव्या अंगाला. झाला घात! ऊब लागली, लोणी पाघळलं आणि डावी पाकळी सुळकन घसरून देवाच्या पायाशी आली.

अंबूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बसवंतानं पाकळी उचलली, बोटावर बोट घासून पाहिलं. आता हा चिडणार, असं त्यांना वाटलं. पण तो खांदे हलेपर्यंत हसला आणि मग म्हणाला, "आई, परत लावूया. नुसत्या पाण्यानं. उजवी पडली तर राहीन, तुझी शपथ."

राहील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. राहील, शिकेल, रोज डबा घेऊन जाईल आणि जन्मात कधी तक्रार करणार नाही. तेच त्यांना सोसवेना. इतके दिवस शेजारणींना विचारलं, देवाला विचारलं. ज्याचा जन्म त्याला मात्र विचारलंच नव्हतं.

"नको," त्या म्हणाल्या. "तूच सांग. तुला काय हवंय?"

बसवंतानं हातातली पाकळी देवापुढं ठेवली. "भीती वाटते गं आई. खोटं कशाला सांगू? पण जायचंय."

अंबूबाई रडल्या, चांगल्या हमसून हमसून रडल्या. मग पदरानं नाक पुसून त्यांनी त्याला दटावलं, "सरी, ठीक आहे, जा. पण कुणी विचारलं तर देवानं कौल दिला म्हणून सांगू नकोस. आईनं दिला म्हणून सांग."