क्लचवरचा पाय

ऐन रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत कोंढ्याच्या जागेश्वरची व्हॅन नहराच्या पारीवर, कालव्याच्या बांधाच्या चढावर बसली, आणि बसली तीही कामाला निघालेल्या नऊ बायकांसकट. चढ तो काय, रिकामी बैलबंडी चालवणारा झोपेत चढवेल एवढा. पण जागेश्वरने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलायचं आणि गाडी मात्र इंचभर सरकायची नाही. मग जळका वास आत शिरला. पार्वताबाईने नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "उतरा बायांनो, आता आपणच बैल." बायका उतरल्या, कमरेत खोचलेले पदर आणखी घट्ट खोचले आणि व्हॅन ढकलून वर काढली. धानाच्या बांधीवर पोचायला तासभर उशीर झाला. उपटलेल्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधावर सुकत पडल्या होत्या आणि शेतमालक तोंड फुगवून उभा होता. तो म्हणाला, सोमवारपासून बारा एकराचा रोवणा आहे, गाडीचा भरवसा नसेल तर आत्ताच सांगा, मी जीपवाल्याला बोलावतो.

त्याच संध्याकाळी पानठेल्यावर कुणीतरी विचारलं, "काय झालं जागेश्वर, गाडी काहून बसली?" आणि जागेश्वरच्या तोंडून निघून गेलं, "सुनंनं क्लच जाळला ना, बाप्पा."

बस. सगळं खापर दामिनीच्या डोक्यावर फुटलं आणि जागेश्वर सुपारी चघळत घरी आला.

दामिनी त्याच्या सचिनची बायको. सचिन पुण्याकडे कंपनीत होता, वर्षातून दोनदा यायचा. उन्हाळ्यात धानाच्या बांध्या रिकाम्या आणि टणक झाल्या होत्या, तेव्हा दामिनीने गाडी शिकायची म्हटलं. जागेश्वरनेच तिला शिकवलं. शिकवलं म्हणजे ओरडला. "पाय उचल! गिअर पडला ना, आता क्लचवरून पाय उचल! पाय आहे का धोंडा?" त्याच्या उस्तादाने त्याला जे ऐकवलं होतं ते सगळं त्याने चाळीस वर्षांनी व्याजासकट सुनेला ऐकवलं. पोरगी चिवट. भंडाऱ्याला तीन चकरा मारून तिने जूनमध्ये लायसन आणलं. त्यानंतर जागेश्वरचा डावा गुडघा सुजला की आठवड्यातून एखाददोन दिवस तीच बायकांना नेऊ लागली. आता मात्र त्याने चावी अंगातल्या बंडीच्या खिशात टाकली आणि वरून हात दाबून पाहिला. दामिनी भाकरी थापत होती. पानठेल्यावरचं बोलणं त्याच्या आधी घरात पोचलेलं होतं हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं.

जागेश्वर वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. बासष्टी उलटलेली, गुडघा रात्रीचा ठणकायचा, सकाळी खाटेवरून पाय खाली टाकायचं जिवावर यायचं. पण साऱ्या तालुक्यात त्याला जागेश्वर डायवर म्हणून ओळखत. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चिखलणीला चालवले. लाखांदूरपासून पवनीपर्यंत कोणत्या बांधीत चाक फसतं हे त्याला पाठ होतं. ती डायवरकी गेली की मागे उरणार ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारणारा म्हातारा. म्हणून कुणाच्या पायाने क्लच गेला हा प्रश्न त्याच्यासाठी साधा नव्हता. ज्याच्या पायाने गेला, त्याच्या हातात स्टिअरिंग राहणार नव्हतं.

भंडाऱ्याच्या मोठ्या वर्कशॉपने जो आकडा सांगितला, तेवढ्यात सचिनच्या मते जुनी व्हॅनच विकत मिळाली असती, आणि वर चार दिवस लागणार होते. मग जागेश्वरने पवनीच्या गोलू मिस्त्रीला फोन केला. नाव गोलू, वय पन्नास, अंगाने काडी. गोलू म्हणाला, "रविवारी सकाळी आणा उस्ताद, सांजच्याले घेऊन जा. पण माह्याकडे माणूस नाही, सारे रोवण्याले गेले. गिअरबॉक्स उतरवाले तुमचा हात लागंल. तेवढी मजुरीही कमी करतो."

"येतो ना. मी काय मेलो काय?" जागेश्वर म्हणाला.

त्याची बायको सत्यभामाबाई हे ऐकत होती. तिने रविवारी डबा बांधला तो दोघांचा. "दामिनीलेही ने. खाली बसलास तर उठवून कोण देईल तुले?"

रिकामी व्हॅन सपाट रस्त्याने कशीबशी गेली. जागेश्वरच चालवत होता. दामिनी शेजारी बसून बाहेर बघत होती. बांध्यांमध्ये वाकलेल्या बायकांच्या रांगा, डोक्यावर प्लास्टिकचे घोंगते, आणि पुढे सरकण्याऐवजी मागे मागे सरकत जाणारा हिरवा रोवणा.

गोलूने आधी क्लचची केबल पाहिली. कधीकधी ती ताणली की काम भागतं. पण केबलच्या टोकाची आट्यांची चुडी संपली होती, ताणायला जागाच उरली नव्हती. "उतरवा लागते," तो म्हणाला आणि व्हॅनखाली फळ्या आणि विटा लावू लागला.

जागेश्वर खाली वाकला. डावा गुडघा अर्ध्यात अडला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने बंपर धरला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडला. रस्त्यावरून एसटी गेली, तिच्या खिडकीतून लोक बघत गेले. तोवर दामिनीने ओढणी कमरेला बांधली, पोतं अंथरलं आणि सरळ गाडीखाली सरकली.

"कुठं धरू भाऊ?" आतून तिचा आवाज आला.

गोलूने जागेश्वरकडे पाहिलं. जागेश्वरने मान हलवली. दुसरं करणार काय? उलट्या ठेवलेल्या डब्यावर तो बसून राहिला आणि गाडीखालून बाहेर आलेल्या सुनेच्या चिखलाने भरलेल्या टाचांकडे बघत राहिला. तासाभराने गिअरबॉक्स पोत्यावर उतरला. दामिनी बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत काळं तेल लागलं होतं.

क्लचप्लेट गोलूने हातात धरली. तिच्यावरचा जाड थर घासून रिपिटा उघड्या पडल्या होत्या. "हे गेली. हिच्यावर दाबणारी प्रेशर प्लेटही गेली. आणि हे बेअरिंग."

"बेअरिंग राहू दे," जागेश्वर घाईने म्हणाला. "दोन्ही प्लेटा टाक. बेअरिंग चालंल अजून दोन साल."

"उस्ताद, लोकं इथंच फसतात. सामानात वाचवाचं म्हणून बेअरिंग जुनं ठेवतात, मग दिवाळीच्या आत पुन्हा गिअरबॉक्स उतरवतात. खरा खर्च उतरवण्याचा आहे, सामानाचा नाही. एकदा उतरवलं तर तिन्ही बदलाचं. वाचवाचं तर हे चाक वाचवा." त्याने इंजिनच्या मागच्या जड चाकावर हात फिरवला. "हे मशीनवर घासाले न्यायची गरज नाही. पॉलिश पेपर मारतो, काम होते. सामानही दुसऱ्या कंपनीचं, पण भरवशाचं टाकतो."

मग त्याने ते बेअरिंग जागेश्वरच्या तळहातावर ठेवलं. "फिरवून पाहा."

जागेश्वरने फिरवलं. आत वाळू भरल्यासारखा कर्रकर्र आवाज आला. एका बाजूने ते घासून निळं पडलं होतं.

"हे वजनानं नाही गेलं," गोलू म्हणाला. "क्लचवर कायम पाय ठेवून चालवणाऱ्याचं काम आहे हे. पाय अल्लाद ठेवला तरी हे फिरतच राहते, अन् प्लेट पुरी धरत नाही. तीन-चार महिन्यांचं नाही हे, दोन-तीन साल घासलं आहे. गाडी कोण चालवते?"

जागेश्वरला उत्तर माहीत होतं. बेअरिंग हातात असतानाच माहीत झालं. दामिनीने स्टिअरिंगला हात लावून चार महिनेही झाले नव्हते. आणि चिखलणीत ट्रॅक्टरच्या क्लचवरून पाय काढून चालत नाही. लोखंडी चाकं रुतायला लागली की त्याच क्षणी दाबावा लागतो, म्हणून पाय दिवसभर तिथेच. तीस वर्षांत तो पाय तिथे राहायला गेला होता. व्हॅन घेतली तेव्हा तो सोबत आला, आणि गुडघा दुखायला लागल्यावर तर उचलायचं नावच उरलं नाही. हे सगळं त्याला त्या कळकट डब्यावर बसल्या बसल्या दिसलं. त्याने तोंड उघडलं. गोलू त्याच्याकडे बघत होता, पंचवीस वर्षं उस्ताद म्हणणारा गोलू. त्याने बेअरिंग खाली ठेवलं आणि शेजारचा चहाचा कप उचलला.

"मीच चालवतो ना भाऊ," दामिनी म्हणाली. ती चिंधीने हात पुसत होती. "तीन सालापासून."

जागेश्वरने तिच्याकडे पाहिलं. ती हातच पुसत होती.

मग गोलूने तिला धडा दिला. पुरी दहा मिनिटं. गिअर टाकला की पाय उचलायचा, बाजूला खाली ठेवायचा, चढावर गाडी क्लचवर तोलून धरायची नाही, हँडब्रेक लावायचा. दामिनी प्रत्येक वाक्याला "हव भाऊ" म्हणत होती. जे जागेश्वरने तिला उन्हाळ्यात ओरडून शिकवलं होतं आणि जे तिने केव्हाच पाठ करून टाकलं होतं, तेच ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत होती. जागेश्वरच्या हातातल्या चहावर साय धरली. त्याला आपली लाज वाटली. पानठेल्यावर तो खोटं बोलला होता ते न समजता तरी. इथे समजल्यावर गप्प बसला, आणि ते सुनेच्या जिवावर.

दुपारनंतर एका भंगारातल्या गिअरबॉक्सचा कापलेला दांडा मधोमध घालून गोलूने नवी प्लेट बरोबर मध्यावर बसवली. दामिनी पुन्हा गाडीखाली गेली आणि "थोडं डावीकडं, थोडं वर" करत दोघांनी गिअरबॉक्स चढवला. दिवस मावळायच्या आत व्हॅन रस्त्यावर आली. ठरल्यापेक्षा चार पैसे कमीच लागले. गोलू म्हणाला, "बाईच्या हाताची मजुरी कापली."

घरी जाताना जागेश्वरच चालवत होता. क्लच लोण्यासारखा झाला होता. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, चौथा पडला. कोरंभीचा फाटा गेला तेव्हा त्याने सहज खाली पाहिलं. डावा पाय क्लचवर होता. त्याने तो उचलून बाजूला ठेवला. पुढे बैलजोडी आडवी आली, ती गेली, आणि पुन्हा पाहिलं तर पाय परत तिथेच. कितीदा तरी उचलला. घर येईपर्यंत तो गाडी चालवत नव्हता, पायाशी झगडत होता. दामिनीला ते दिसत नव्हतं असं नाही. ती बाहेर बघत होती.

सोमवारी सकाळी पिंपळाखाली बायका डबे घेऊन उभ्या होत्या. पार्वताबाईने व्हॅनला हात लावून नमस्कार केला. "झाली काय दुरुस्त? पण आता सुनेच्या हाती नको देजो बाप्पा, नाही तर पुन्हा आम्हीच बैल."

बायका हसल्या. दामिनीही हसली, तोंडदेखलं. ती मागचं दार उघडून बायकांच्या पिशव्या आत ठेवत होती.

जागेश्वर स्टिअरिंगसमोर बसला होता. त्याने दोन्ही हात चाकावर ठेवले, मग काढले. कालपासून जे बोलायचं राहिलं होतं ते आता नाही बोललो तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. तो दार उघडून खाली उतरला, गुडघ्याला हात लावत.

"पार्वताबाई, क्लच दामिनीनं नाही जाळला," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, पानठेल्यापर्यंत जाईल एवढा. "माह्या पायानं गेला. तीन सालापासून माहा पाय त्याच्यावर होता. मी खोटं बोललो."

पार्वताबाईने पदर सारखा केला. जागेश्वरने बंडीच्या खिशातून चावी काढली आणि दामिनीकडे धरली. तिने लगेच घेतली नाही. मग घेतली.

तो वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसला. या सीटवर तो याआधी कधी बसला असेल तर ते उन्हाळ्यात, ओरडायला. इथून रस्ता वेगळाच दिसत होता. दामिनीने गाडी सुरू केली, पहिला टाकला, गाडी गावाबाहेर निघाली. नहराची पार आली. मागे बायकांनी सीटच्या कडा धरल्या. दामिनीने दुसरा टाकला, पाय उचलला, बाजूला ठेवला, आणि व्हॅन चढाला लागली.

पुढ्यात क्लच नसतानाही जागेश्वरचा डावा पाय गाडीच्या तळाच्या पत्र्यावर गच्च दाबलेला होता, गुडघ्यात कळ येईपर्यंत.

दामिनीने समोरून नजर काढली नाही. हळूच, मागच्या बायकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मामाजी, पाय उचला."