सहाशे चाळीस ग्रॅम वजा

दुकानदाराला वाटलं, ताईंना बारीक व्हायचंय.

त्याचीही चूक नव्हती. घरी ठेवायला वजनकाटा घेणारं गिऱ्हाईक बहुतेक पोट आत ओढूनच दुकानात शिरतं. त्याने भराभर पाच काटे खोक्यांतून काढून मांडले. काचेचे, काळे, पांढरे, एक तर चक्क गुलाबी.

"हा बघा ताई. वजन, फॅट, पाणी, हाडं, सगळं सांगतो. मोबाइलला जोडलात की महिन्याचा आलेख काढून देतो. आणखी काय हवं माणसाला?"

"माझं नाही करायचं," ती म्हणाली. "बाबांचं करायचंय."

दुकानदाराने तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याकडे आता कुठे नीट पाहिलं. सदरा खांद्यांवरून नुसता लोंबत होता. त्याने स्टूल पुढे सरकवलं.

बाबा स्टुलावर टेकले आणि त्यांनी पिशवीतून दोन पितळी वजनं काढली. एक दोन किलोचं, एक दोनशे ग्रॅमचं. चाळीस वर्षं त्यांनी काटे दुरुस्त करण्यात घालवली होती. धान्यवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून गेलेले. 'रतीभर जास्त नको, रतीभर कमी नको' हे त्यांचं पालुपद; त्यामुळे बाजारात त्यांना रतीभर हेच नाव पडलं होतं. काही नवी माणसं तर ते त्यांचं आडनाव समजत.

"खालची चटई काढा आधी," ते दुकानदाराला म्हणाले. "काट्याखाली मऊ काही नको."

मग दोन किलोचं वजन प्रत्येक काट्याच्या मधोमध ठेवून झालं, चारही कोपऱ्यांवर ठेवून झालं. गुलाबी काटा एका कोपऱ्यात शंभर ग्रॅम खाऊन बसला. काळ्याचंही तेच. ते बाद. उरलेल्या तिघांवर लेकीला उभं केलं, उतरवलं, पुन्हा उभं केलं. तिन्ही काटे दोन्ही वेळा तोच आकडा दाखवायला लागले, तसा दुकानदार खूश झाला.

"बघा काका! एकदम पक्का माल."

"थांबा हो." बाबांनी दोनशे ग्रॅमचं वजन लेकीच्या हातात दिलं. "आता चढ."

पांढऱ्या काट्याने मघाचाच आकडा दाखवला. एका काचेच्या काट्यानेही.

"दोनशे ग्रॅम गेले कुठे?" बाबा हसले. आजारी पडल्यापासून इतकं मनापासून हसले नव्हते. "अहो, हा मोजतच नाहीये. मागचं आठवून सांगतोय. आकडा जवळपास आला की म्हणतो, मघाचेच असतील हे. लबाड! काट्याला कालचं काही आठवता कामा नये. रोज नव्याने ओळख झाल्यासारखा बोलला पाहिजे."

दुकानदाराने दोन्ही हात जोडले. "काका, तुम्ही रोज येऊ नका हं दुकानात. माझा धंदा बसेल."

राहिलेल्या काट्याने दोनशे ग्रॅम बरोबर सांगितले. मग दुकानदाराने बाबांचं वय, उंची त्यात भरली आणि त्यांना अनवाणी उभं केलं. पायांतून बारीकसा करंट जातो, कळतही नाही, असं तो सांगत होता. अठ्ठेचाळीस किलो चारशे. फॅट नऊ टक्के.

"नऊ!" तो सवयीने बोलून गेला. "काका, पोरं जिममध्ये घाम गाळतात हो यासाठी." आणि मग जीभ चावून खोक्याला दोरी बांधत बसला.

"फॅटचा तो अंदाज आहे," घरी जाताना बाबा म्हणाले. "नुसता अंदाज. पाणी प्यायलो तरी बदलेल. रोज बघायचं, पण मनावर नाही घ्यायचं. वजन मात्र खरं."

वजनावरच सगळं अडलेलं होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं: कॅन्सरचं औषध दर सोमवारी, सलाइनच्या बाटलीतून, अजून सहा वेळा. पण वजन पंचेचाळीसच्या खाली गेलं तर बंद. शरीराला झेपणार नाही. सिस्टर घरी येतील, वजन बघतील, मग बाटली लावायची की नाही ते ठरवतील.

काटा न्हाणीघराच्या दाराशी, सपाट फरशीवर बसला. बाबांनी एक वही केली. रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनमध्ये. त्यांना सारखी थंडी वाजायची, त्यामुळे गाऊन काढणं नको व्हायचं. तो तिनेच शिवलेला होता. ती घरी पडदे शिवायची. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं निळं जाड कापड उरलं, त्याचा. बाबांनी आपला जुना टांगता काटा काढून गाऊन तोलला आणि वहीच्या पहिल्या पानावर सुबक अक्षरात लिहिलं: 'गाऊन ६४० ग्रॅम, वजा.' त्याखाली: 'आकडा स्थिर झाल्याशिवाय लिहू नये.'

तिची तीन वर्षांची चिमणी रोज आजोबांच्या आधी काट्यावर चढायची. "मी बारा!" असं ओरडून उतरायची. बाबा तिचाही आकडा लिहायचे. तिचे आकडे वर जात होते.

सत्तेचाळीस तीनशे. सेहेचाळीस आठशे. सेहेचाळीस शंभर. दर सोमवारी बाटली लागायची, मंगळवार-बुधवार ते ओकायचे, तोंडात फोड यायचे, गुरुवारी जरा पेज जायची, आणि शुक्रवारपासून ती त्यांच्यामागे चमचा घेऊन हिंडायची. तुपाचं बोट, केळ्याची फोड, दूध. चिमणीसाठी जी सोंगं करायची, तीच.

"हा बाबांचा घास, हा आईचा घास," ती म्हणायची.

"तुझी आई असती तर तिने सुखाने पडू दिलं असतं मला," ते म्हणायचे, पण तोंड उघडायचे.

मग एका रविवारी काट्याने चव्वेचाळीस सातशे दाखवले.

बाबांनी ते लिहिलं, वही मिटली आणि म्हणाले, "उद्या सिस्टरना येऊन परत जावं लागणार बहुतेक."

दुपारी बाबा आणि चिमणी एकाच पांघरुणात झोपले, तेव्हा तिने गाऊन मशीनखाली घेतला. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या दुमडीत शिशाच्या चकत्या घालतात. पन्नास ग्रॅमची एक, नाण्याएवढी. तिच्याकडे डबाभर होत्या. तिने गाऊनची शिवण उसवली, आठ चकत्या ओळीने बसवल्या आणि पुन्हा शिवून टाकली. ज्या माणसाने तोलताना तिच्या लग्नातल्या सोन्यावरही कधी रतीभर सूट दिली नव्हती, त्याच्याच अंगावर ती खोटं वजन शिवत होती. तिला फक्त एवढंच दिसत होतं: तीन बाटल्या झाल्या, तीन राहिल्या. तीन झाल्या की सगळं नीट होईल.

सोमवारी आकडा आला. सहाशे चाळीस वजा जाता पंचेचाळीस शंभर.

"वा, काका!" सिस्टर म्हणाल्या. "फॅटही जरासं वर आहे. खाताय वाटतं?"

"लेक काही कमी पडू देत नाही," बाबा म्हणाले.

बाटली लागली. रात्री तिने चकत्या पुन्हा काढून घेतल्या, म्हणजे रोजचा आकडा खरा येईल. त्या आठवड्यात ते चार दिवस उठले नाहीत. तिने तोंडापाशी भांडं धरलं की ते दोन्ही हातांनी तिचं मनगट पकडायचे, बुडणाऱ्याने पकडावं तसं. एकदा ओकून झाल्यावर डोळे मिटूनच विचारलं, "अजून किती गं?"

"दोनच, बाबा."

"बरं," ते म्हणाले. लहान मुलाने म्हणावं तसं.

पुढच्या रविवारी चव्वेचाळीस. या वेळी चोवीस चकत्या घातल्या. सिस्टरनी पाठ थोपटली, बाटली लावली. त्यानंतर मात्र बाबांना काट्यापर्यंत भिंत धरून यावं लागायचं. चिमणी आजोबांच्या आधी चढायचं विसरली. दाराशी उभी राहून बघत बसायची.

तिसऱ्या रविवारी बेचाळीस नऊशे. दुपारी तिने चव्वेचाळीस चकत्या बसवल्या. खालच्या दुमडीत मावेनात, म्हणून बाह्यांच्या काठांत आणि कॉलरमध्येही. एवढीच एक, मग संपलं, असं पुटपुटत ती शिवत होती आणि टाका दिसेनासा झाला की डोळे पुसत होती.

सोमवारी सकाळी ती गाऊन घेऊन गेली. बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी तो घातला नाही. दोन्ही तळहातांवर घेतला, डोळे मिटले, हात जरासे खाली-वर केले. बाजारात लोक मुद्दाम बघायला थांबायचे, तसे.

"दोन किलो आठशे चाळीस," ते म्हणाले.

ती खाली बसली.

"पहिल्या सोमवारी चारशे होते. मग बाराशे. आज बावीसशे घातलेस. अगं, मला हा उचलवत नाही, तर अंगावर वागवणार कसा?"

"तुम्हाला... पहिल्यापासून?"

"बये, चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

"मग बोलला का नाहीत!" ती ओरडलीच. "बाबा, तुम्ही किती सोसलंत! एकदा बोलायचं होतं. मी थांबवलं असतं."

"नसतंस थांबवलं," ते म्हणाले. "आणि तू त्या पहिल्या सोमवारी किती आनंदात होतीस. चिमणीला घेऊन नाचलीस स्वयंपाकघरात. मी ऐकत होतो. म्हटलं, हिला दोन आठवडे हवेत तर देऊ. माझ्याकडे आता तेवढंच आहे द्यायला." त्यांनी कॉलरवरून बोट फिरवलं. "टाके छान घातलेस पण. हाताला लागतही नाहीत."

ती त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून रडली. ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. हाताला वजनच नव्हतं.

"आजची बाटली नको मला," ते म्हणाले. "आता नाही झेपत, बाळ. सिस्टरना मी सांगतो. खरा आकडा वहीत लिहू, म्हणजे कुणाला काही विचारावं लागणार नाही. आण ती कात्री."

तिने आणली. दोघं मिळून शिवण उसवत बसले. ती टाके कापत होती, ते चकत्या काढून चारचारच्या चळती रचत होते. अकरा चळती झाल्या. मग हलका झालेला गाऊन तिने त्यांना घातला, त्यांना धरून दारापर्यंत नेलं. ते काट्यावर चढले, भिंतीवरचा हात काढला. वजा करून बेचाळीस सातशे. वहीत त्यांनी मागच्या दोन सोमवारांचे आकडेही एकेका रेघेने खोडले आणि शेजारी खरे लिहिले.

"आता तू चढ."

"मी कशाला?"

"चढ म्हणतो ना. दुकानात मी तुला तोलली होती, आकडा लक्षात आहे माझ्या. इतके दिवस या घरात चिमणीचं वजन झालं, माझं झालं. तुझं कुणी केलं?"

त्यांनी वहीचं नवं पान काढलं. वर लिहिलं: 'लेक.' तारीख घातली, बाजूला 'गाऊन नाही' असंही लिहिलं आणि पेन्सिल टेकवून वाट बघू लागले.

ती चढली. काचेखाली आकडे पळू लागले. एकावन्न दोनशे, एकावन्न पाचशे, पुन्हा एकावन्न. हुंदका आला की उडायचे, ओसरला की घसरायचे. दुकानातल्यापेक्षा पाच किलो तरी कमी होते, एवढं तिलाही दिसलं.

"हलू नकोस गं. स्थिर हो."

"होत नाही, बाबा."

खाली जिन्यावर सिस्टरच्या चपला वाजल्या. मग घंटी. चिमणी धावत येऊन ओरडली, "आई, सिस्टर!"

"थांबू दे त्यांना जरा," बाबा म्हणाले. त्यांनी पेन्सिल उचलली नाही, काही लिहिलंही नाही. "आकडा थांबल्याशिवाय लिहायचं नसतं. मी आहे इथे. हो स्थिर. सावकाश हो."