शिंपीआजोबांचा पॅन आणि पाकिटातले मंडू

मित्रांनो, मी एक जुना फ्राय पॅन आहे. बिडाचा. काळा आहे, जड आहे, दांड्याचा एक टवका उडालेला आहे, सगळं मान्य. पण मला भंगार म्हणालात तर खबरदार! मी अजून रोज विस्तवावर बसतो आणि माझ्या घरातल्या माणसाला उपाशी झोपू देत नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, निवल्यावर साचा फोडला आणि मी बाहेर आलो. दुकानात माझ्या शेजारी चकचकीत भांडी मांडलेली असत. गिऱ्हाईक मला उचलायचं, "बाप रे, केवढा जड!" म्हणायचं आणि परत ठेवून द्यायचं. एका नव्या नवरीने मात्र मला दोन्ही हातांनी उचललं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि नवऱ्याला म्हणाली, "हाच घ्यायचा. हा आपल्याला पुरून उरेल." तिच्या बाबतीत ते खरं ठरलं. आज ती नाही आणि मी आहे, याचं मला मुळीच सुख नाही.

तिचा नवरा शिंपी. आता त्यांना सगळे शिंपीआजोबा म्हणतात. दोन खोल्यांची जागा, रस्त्याकडच्या खिडकीपाशी शिलाई मशीन. शाळेचे गणवेश, पडद्यांच्या कडा, लांब झालेल्या पँटी, असं काम चालायचं. आजींनी मला तेल चोळून चोळून असं तयार केलं होतं की अंडं माझ्या अंगावरून घसरत जायचं. आजोबांनी मात्र जन्मात कधी शेगडी पेटवली नव्हती. त्यांना चहासुद्धा मशीनवर आणून द्यावा लागायचा.

आजी गेल्या आणि शेगडी थंड पडली. आजोबा चहात बिस्किटं बुडवून खायचे, तेही आठवण झाली तर. जगाचे कपडे मापात बसवणाऱ्या माणसाचा स्वतःचा सदरा अंगावर लोंबायला लागला. मी खिळ्याला टांगलेला आणि अंगावर गंज चढतोय! कुणी माझ्याकडे बघत नव्हतं आणि माझा नुसता जळफळाट होत होता.

मुलगी दुसऱ्या गावी राहायची. ती आली, तिने बापाची दशा पाहिली आणि म्हणाली, "बाबा, हे चालायचं नाही. महिनाभर बघते. दोन वेळचं नीट जेवता येत नसेल तर सरळ माझ्याकडे यायचं. ही जागा सोडून देऊ आणि मशीन विकून टाकू." वाईट नव्हती हो पोर, काळजीपोटीच बोलत होती. पण मशीन विकायचं म्हटल्यावर आजोबांच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली.

ते तडक कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. "ज्याला काहीच करता येत नाही त्याने काय करून खावं?" त्यांनी दुकानाच्या बाईंना विचारलं. बाईंनी फ्रीजरमधून एक पाकीट काढून पुढे टाकलं.

"मंडू घ्या. कोरियातला पदार्थ आहे. पातळ पारीत कोबी, गाजर, टोफू आणि शेवया भरलेल्या. स्वस्त आहेत, पोटभरीचे आहेत. तेल, पाणी आणि झाकण, बस्स. एवढं तर तुमच्या मशीनलासुद्धा जमेल!"

घरी येऊन आजोबांनी एक मंडू उजेडात धरला आणि कडेच्या दुमडीवरून अंगठा फिरवला. "चुण्या बऱ्या घातल्यात," म्हणाले. आणि मग जो काही घोळ घातला! कोरं कापड बेतण्याआधी भिजवून ठेवायचं, म्हणजे शिवल्यावर आटत नाही, ही हाताला लागलेली सवय. त्यांनी अख्खं पाकीट पातेलंभर पाण्यात भिजत घातलं आणि मशीनवर जाऊन बसले. उठून बघतात तर पाऱ्यांचा लगदा झालेला आणि कोबी वर तरंगतोय. मित्रांनो, मी खिळ्यावरून खाली पडायचाच बाकी होतो. आजोबाही आधी खूप हसले, आणि हसता हसता रडायला लागले. "अगं, मला काहीच कसं शिकवलं नाहीस?" असं ते माझ्याकडे बघत म्हणाले. पण ते मला नव्हे, आजींना उद्देशून होतं, हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, भिजवताय काय? गोठलेलेच टाकायचे!" म्हणत त्यांनी दुसरं पाकीट हातात दिलं. मग कुठे माझी पाळी आली. आजोबांनी मला खाली काढलं, गंज घासला, तेलाचा हात फिरवला. तेल तापल्यावर मंडू ओळीत मांडले, खालची बाजू तांबूस झाली तशी अर्धी वाटी पाणी ओतलं. चर्रर! वरून झाकण. झाकणाच्या कडेने वाफ निघालेली पाहून आजोबा ओरडलेच, "अरेच्चा, ही तर इस्त्री! आधी ओल्या फडक्याची वाफ द्यायची, मग कोरडं करायचं!" त्यानंतर त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. सोबत बारीक चिरलेला कोबी आणि वाटीत सोया सॉस, थोडं व्हिनेगर. सदरा पुन्हा अंगाला बसायला लागला.

शेजाऱ्यांनी नाकं मुरडली. पाकिटातलं खाता? हो, खातो! गोठवलेलं म्हणजे शिळं नव्हे, आणि स्वस्त म्हणजे भिकार नव्हे. एकट्या माणसाने स्वतःच्या हाताने शिजवून, ताटात वाढून, बसून खाल्लेलं ते जेवण होतं. ज्यांना ते जेवण वाटत नाही त्यांनी खुशाल उपाशी राहावं.

महिना भरायच्या आधीच मुलगी दारात उभी राहिली. हातात रिकामी बॅग, बापाचे कपडे भरायला. तिने सरळ फ्रीज उघडला.

"पाकिटं? बाबा, यावर जगताय तुम्ही? आणि हे धूड उचलता? एक दिवस मनगट मोडून घ्याल. आई असती तर..."

"आई असती तर मला स्वयंपाकघरात फिरकू दिलं नसतं," आजोबा म्हणाले. "बस. आधी जेव, मग हवी तर बॅग भर."

मला उचलताना त्यांचं मनगट थरथरलं. मुलगी धावली.

"हात लावू नकोस!"

आजोबांचा असा आवाज त्या घरात मी कधी ऐकला नव्हता. खरं सांगतो, माझीही पाचावर धारण बसली. एक जरी मंडू तळाला चिकटून फाटला असता तर घर गेलं होतं, मशीन गेलं होतं आणि दोष माझ्या माथी आला असता. मी अंगातली सगळी ऊब सारखी धरून ठेवली. आजोबांनी झाकण काढलं, पाणी आटू दिलं आणि माझ्यावर ताट पालथं घालून मला दोन्ही हातांनी उलटं केलं. सगळे मंडू सोनेरी बाजू वर करून ताटात उतरले. एकही फाटला नव्हता!

मुलीने एक खाल्ला. मग दुसरा. तिसरा हातातच राहिला आणि तिचे डोळे भरून आले.

"भाजलं का गं?" आजोबांनी विचारलं.

"नाही. बाबा, आई गेल्यापासून माझ्यापुढे कुणी गरम ताट ठेवलंच नाही. सगळ्यांना वाढते आणि मी ओट्यापाशी उभ्यानेच काहीतरी तोंडात टाकते. तुम्ही नीट जेवता का ते बघायला आले, आणि..."

आजोबांनी आणखी एक पाकीट फोडलं आणि मला पुन्हा शेगडीवर चढवलं. निघताना मुलगी एवढंच म्हणाली, "राहा इथेच. पुढच्या आठवड्यात येते, जेवायलाच."

मित्रांनो, मला रात्रभर साबणाच्या पाण्यात बुडवू नका, ओला ठेवू नका, अधूनमधून तेलाचं बोट लावा. एवढं केलंत तर मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. पण त्याहून मोठं मागणं आहे आणि ते मी हात जोडून नाही, ठणकावून मागतो. कुणाचा हात थरथरतो म्हणून त्याच्या हातातलं भांडं काढून घेऊ नका. त्याच्यापुढे आपलं ताट धरा आणि वाढायची वाट बघा.