बकलातलं मेण

या मायबापहो, असे जवळ सरकून बसा. एका किल्लीवाल्याची गोष्ट सांगतो. ऐकून उठाल तेव्हा हात आपोआप डोक्याकडे जाईल, एवढं वचन देतो.

हा किल्लीवाला हाडाचा संशयी. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचा, मग कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. बायको म्हणायची, "अहो, कुलूपही कंटाळलं आता!"

गेल्या वर्षी त्याचे उस्ताद सायकलवरून पडले. तेव्हा त्याने दोन हेल्मेटं आणली, एक स्वतःला, एक मुलीला. मुलगी उताराखालच्या छापखान्यात कामाला, रोज सायकलने जाणारी.

"हेल्मेट घातलं होतंस?" तो संध्याकाळी विचारी.

"हो बाबा."

त्या 'हो'मध्ये काहीतरी खुळखुळतंय असं त्याला वाटे. एवढा उतार उतरूनही हिचा भांग सुतासारखा सरळ? हनुवटीखाली पट्ट्याचा वळ कसा नाही? कुठेतरी पाणी मुरतंय!

कुलूप कुणी चोरून उघडतंय का, हे बघायला तो किल्लीच्या भोकात मेण ठेवत असे; किल्ली शिरली की मेण चेपे. तसंच मोहरीएवढं मेण त्याने मुलीच्या हेल्मेटच्या बकलात दडवलं. चार दिवसांनी पाहिलं, तर मेण जसंच्या तसं!

"खोटारडे!" तो कडाडला. "बकल एकदाही लावलेलं नाहीस! बापाच्या डोळ्यांत धूळ फेकतेस?"

मुलगी दचकलीसुद्धा नाही. "आता तुमचं आणा."

"माझं कशाला?"

"आणा तर."

सायकलच्या हँडलला लटकलेलं हेल्मेट त्याने आणलं. बकलाच्या खाचेत मेणाची गोळी होती. गोल, अख्खी, वर धूळ बसलेली.

"तीन आठवडे झाले ठेवून. किल्लीवाल्याचीच पोर आहे मी! तुमचं मेण अख्खं दिसलं, तेव्हापासून मीही सोडलं."

"माझी गोष्ट वेगळी. पस्तीस वर्षांची सवय आहे. हळू चालवतो."

कपड्यांच्या घड्या घालणारी बायको थांबली. "उस्तादही हळूच चालले होते. ओल्या पानांवर चाक घसरलं, डोकं दगडावर आपटलं. दर रविवारी त्यांच्याकडे कशाला जाता, सांगा बघू पोरीला."

डोळे मिटून तिजोरी उघडणारे उस्ताद आता स्वतःच्याच दारात किल्ली घेऊन उभे राहत. कुठल्या बाजूला फिरवायची, तेच आठवत नसे.

"साऱ्या जगावर संशय घेता," बायको म्हणाली, "एकदा स्वतःवर घ्या की! आत चार पातेली, त्यांना कुलूप चारदा ओढता. आणि डोकं उघडं टाकून फिरता!"

किल्लीवाल्याची मान खाली गेली. "चुकलो गं पोरी," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी दारात दोन बकलं वाजली. खट्. खट्. त्याने दोन्ही पट्टे तीनदा ओढून पाहिले.

"चौथ्यांदा कोपऱ्यावर!" मुलगी हसली. आणि त्याने खरंच पाहिलं. संध्याकाळी दोन्हीकडचं मेण चपटं झालेलं होतं.

मायबापहो, देवाने डोकं एकच दिलंय. त्याची दुसरी किल्ली कुणालाही घडवता येत नाही. मोठ्यांनी आधी स्वतःचा पट्टा बांधावा, मग धाकट्यांना विचारावं. उद्या तुमचं बकल 'खट्' वाजेल ना, तेव्हा आपल्याच दारात किल्ली धरून उभ्या असलेल्या त्या उस्तादांची तेवढी आठवण ठेवा.